डावा खांदा

त्या सिनेमात माझ्या हाताखालून गेलेला एक खांदा आहे.
पाटीवर नाव दुसऱ्याचं,
पोस्टरवरची छाती दुसऱ्याची,
खांदा मात्र आमच्या हंबीर ढमढेऱ्याचा, रावपुऱ्यातला,
गेल्या माघात बसवलेला मी
दांडिया बाजारात, माझ्याच ओट्यावर:
तिळाचं तेल, आंबेहळद आणि एक शिवी.
शिवी लागतेच. माणसाचं लक्ष तिकडे गेलं
की हाड आपसूक घरी येतं.

म्हणून गेलो बघायला. तिकीट दोनशे ऐंशी.
एवढ्यात माझ्याकडे दोन मनगटं नि एक घोटा होतो.

सुरुवातीलाच नायक सात मजल्यांवरून पडला
आणि धूळ झटकून उभा राहिला.
ज्याला लागत नाही
त्याच्याकडे माझं काय काम?
मग पूल मोडले, मनोरे मोडले,
मांडवीत ज्वारीची गोणी फुटावी
तसं आख्खं शहर सांडलं,
आणि शेजारचा पोरगा मोबाईलवर
क्रिकेटचा स्कोअर बघत बसला.
त्याचं काही चुकलं नाही.
एवढी कडाकड, पण एकही सांधा वाजला नाही.

बत्तीस वर्षं मी मारामाऱ्या शेवटाकडून वाचतोय.
उत्तरायणात गच्चीवरून पडलेले सोडा, ते वेगळे.
भांडून आलेला हात माझ्या मांडीवर ठेवला
की सुजेवरून सांगतो
कोण धावून गेला, कोण नुसताच मध्ये पडला,
कोणाला मारायचंच नव्हतं.
सख्ख्या भावाला मारणाऱ्याचा अंगठा
मुठीच्या आत राहून जातो.
तोच मोडतो.

पडद्यावरच्या मुठी सगळ्या नीट वळलेल्या.

मध्यंतरानंतर एक जिना आला.
दिवा गेलेला, खाटेएवढी जागा,
वरच्या खोलीत एक पोर झोपलेलं
आणि खलनायक त्या पोराचा बाप.
आवाज दोघांनाही करायचा नाही.
दात आवळून, श्वास गिळून
एकमेकांना भिंतीवर हळूच आपटत होते,
कपाट सरकवावं तसं.
नायकाने ठोसा मारला आणि स्वतःचीच बोटं झटकली.
शेजारच्या पोराने मोबाईल पालथा घातला.

मग तो पडला. अकरा पायऱ्या, मोजल्या मी.
चौथीवर त्याने डावा खांदा आत चोरला,
पापणी लवेल इतकाच.
तोंडावर मुखवटा, अंगात निळं चकचकीत कातडं,
पण ते चोरणं मी ओळखतो.
तीन महिने त्या कुशीवर झोपूसुद्धा नको म्हटलं होतं.
तिसऱ्या आठवड्यात हा जिन्यावरून पडत होता.

"हंब्या!" मी उभाच राहिलो.
मागून कोणी म्हणालं, "काका, बेसी जाव ने."
बसलो.

पुढच्या क्षणी मुखवटा निघाला, आत नायकाचा चेहरा,
ओठाला शोभेल एवढं रक्त.
विव्हळत उठला तो
उजवा खांदा धरून.

उजवा!
भरल्या थिएटरात कोणी हसलं नाही.
बायका तर डोळे पुसत होत्या.
त्यांना लागलं होतं, खरंच लागलं होतं,
कुठे ते तेवढं चुकलं.

सूरसागरपाशी सेव-उसळ खाता खाता फोन लावला.
"जिना बरा होता," म्हटलं.
"चौदा वेळा पडलो," हंबीर म्हणाला, "ठेवला तो दुसरा."
"मग पुढचे बारा?"
"खात्री म्हणून."

तिखटाने नाकातून पाणी येत होतं, पुसलं.
शनिवारी ये, तेल गरम ठेवतो, म्हटलं.
शनिवारी जमायचं नाही म्हणाला,
पुढच्या भागात उडायचंय, दोरीवर, तालीम आहे.
"दोरी कुठे बांधतात रे?"
"कमरेला. आणि एक खांद्यातून."
"कोणत्या?"

पलीकडे कोणीतरी त्याला हाक मारत होतं,
दुसऱ्याच्या नावाने.